फिजिकल थेरपीच्या प्रवेशाची मुलाखत : आमच्या घरची गोष्ट

मागचे दोन लेख आखडलेल्या खांद्यावर, म्हणजे फ्रोझन शोल्डरवर होते. त्यात मी चार-पाच वेळा "फिजिकल थेरपिस्टला दाखवा" असं लिहिलं. त्यावर खांद्याबद्दल प्रश्न आलेच, पण इथे अमेरिकेत राहणाऱ्या तीन-चार वाचकांनी एक वेगळाच प्रश्न विचारला : "आमच्या मुलीला फिजिकल थेरपीला जायचं आहे. प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी कशी करून घ्यावी?"

प्रश्न आईवडिलांचा आहे, मुलांचा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. "करून घ्यावी" हे शब्द वाचून मला आधी हसू आलं आणि मग जरा पोटात कालवलं. कारण तयारी "करून घेण्याचा" उद्योग मी स्वतः केलेला आहे, आणि त्यापायी माझ्या लेकीचं एक वर्ष गेलं. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. तिने दोन अटी घातल्या : तिचं नाव नको आणि कॉलेजचं नाव नको.

आधी थोडी माहिती, कारण भारतातल्या वाचकांना इथली पद्धत वेगळी वाटेल. आपल्याकडे बारावीनंतर बीपीटीएच करतात, इंटर्नशिपसकट ते पूर्ण झालं की फिजिओथेरपिस्ट होतात. इथे आधी चार वर्षांची बॅचलर्स पदवी लागते. विषय कोणताही चालतो, पण शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, रसायन, भौतिक, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे ठरावीक विषय झालेले असावे लागतात. त्यानंतर डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, साधारण तीन वर्षं. मग एनपीटीई नावाची राष्ट्रीय परीक्षा आणि ज्या राज्यात काम करायचं तिथलं लायसन्स. पूर्वी बॅचलर्सवर, नंतर मास्टर्सवर भागत असे. २०१५ नंतर मात्र नव्याने या पेशात येणाऱ्यांसाठी डीपीटी हा एकच रस्ता उरला.

अर्ज बहुतेक ठिकाणी पीटीकॅस या एकाच सामायिक फॉर्मवरून जातात. उन्हाळ्यात फॉर्म उघडतो, आणि बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे तपासत जागा भरत जातात. म्हणजे शेवटच्या तारखेची वाट पाहत बसणाऱ्याचं नुकसान. गुण, शिफारसपत्रं, निबंध, आणि प्रत्यक्ष थेरपिस्टबरोबर बसून काम पाहिल्याचे तास, म्हणजे ऑब्झर्वेशन अवर्स, हे सगळं त्यात येतं. किती तास हवेत हे कॉलेजगणिक बदलतं. सगळीच कॉलेजं मुलाखत घेत नाहीत, पण जी घेतात तिथे ती मनावर घेतात. कागदावर चांगली दिसणारी मुलं भरपूर असतात, त्यातून कोणाच्या हाती पेशंट द्यायचा हे त्यांना ठरवायचं असतं.

आता आमची गोष्ट.

मी इंटर्निस्ट आहे, न्यू जर्सीत प्रॅक्टिस करते. वीस वर्षं मी ऑर्डरवर एक ओळ लिहीत आले : "पीटी, इव्हॅल्युएट अँड ट्रीट". तपासा आणि उपचार करा. ऑर्डर गेली की माझं काम संपलं. पलीकडे काय होतं हे मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. माझ्या मनात जे चित्र होतं ते मी एमबीबीएस केलं तेव्हाचं : तळमजल्यावर बोळाच्या टोकाला एक खोली, भिंतीवर फिरवायचं लाकडी चाक, शेक देणारं मशीन, आणि बाहेर बाकावर कंटाळलेली माणसं.

त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली की मेडिकलला नाही, फिजिकल थेरपीला जायचंय, तेव्हा मी "छान" म्हटलं. तोंडाने म्हटलं. गणपतीला जमलेल्या मंडळींना मात्र सांगितलं की ती "मेडिसिनच्याच लाइनमध्ये" आहे.

मुलाखतीची बोलावणी आली तशी मी पदर खोचला. इंटरनेटवरून बेचाळीस प्रश्न काढले, प्रिंट मारली. रोज रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, मी प्रश्न विचारायचे, तिने उत्तर द्यायचं, मी ते दुरुस्त करायचं. दुरुस्त करता करता बेचाळीसही उत्तरं माझी झाली. तिचे बाबा एकदा म्हणाले, "अगं, तिला बोलू तरी दे." मी म्हटलं, "तू भांडी लाव."

"फिजिकल थेरपी का?" या पहिल्या प्रश्नाला आम्ही तिच्या गुडघ्याची गोष्ट तयार केली. शाळेत सॉकर खेळताना लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, थेरपिस्टने नऊ महिन्यांत पुन्हा मैदानावर आणलं, तेव्हाच ठरवलं. गोष्ट खरी होती. पण नंतर मला एक थेरपिस्ट भेटल्या, त्या एका कॉलेजच्या मुलाखतींना बसतात. त्या हसून म्हणाल्या, "निम्म्या गोष्टी गुडघ्यापासून सुरू होतात, उरलेल्या आजीच्या खुब्यापासून." गुडघ्याची गोष्ट सांगू नये असं नाही. पण तिथेच थांबलं तर त्यातून एवढंच कळतं की तुम्ही चांगले पेशंट होतात. थेरपिस्टने काय विचार केला, कोणत्या आठवड्यात काय बदललं, का बदललं, हे तुम्ही पाहिलंत का, यात त्यांना रस असतो.

आणि मग तो प्रश्न. "डॉक्टर का नाही व्हायचं?" टेबलाशी मी हा प्रश्न विचारला तेव्हा लेक गप्प बसली. मला वाटलं तिला उत्तर सुचत नाहीये, म्हणून मी सुचवलं : "सांग की मेडिसिनला फार वर्षं लागतात, आणि मला घरालाही वेळ देता येईल असं काम हवंय." तिने ते लिहून घेतलं.

पहिल्या मुलाखतीत समोर दोन प्राध्यापक होते. अर्जात आई डॉक्टर असल्याचं होतंच. त्यांनी नेमकं तेच विचारलं, आणि तिने माझं उत्तर पाठ म्हणून दाखवलं. समोरच्या बाई सौम्य हसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरी मुलाखत एमएमआय पद्धतीची होती. तिच्याबद्दल पुढे सांगते. एका ठिकाणाहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. बाकी कॉलेजांनी बोलावलंच नाही. प्रतीक्षायादीवर आम्ही वसंत ऋतूभर आणि अर्धा उन्हाळा काढला. दर वेळी तिचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघायची. जुलैत कळलं की जागा भरल्या.

त्या दिवशी गाडीत मी म्हटलं, "कुठे चुकलं असेल गं?" ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आई, ते डॉक्टरवालं उत्तर तुझं होतं. मला ते खरं वाटत नव्हतं. पण माझं खरं उत्तर दिलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तू अजून लोकांना सांगतेस मी मेडिसिनच्या लाइनमध्ये आहे म्हणून."

मी गाडी चालवत राहिले. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या वर्षी तिने एका क्लिनिकमध्ये एडची नोकरी धरली. टेबलं पुसायची, टॉवेल घड्या करायचे, पेशंटच्या व्यायामाच्या फेऱ्या मोजायच्या. शनिवारी एका रिहॅब हॉस्पिटलमध्ये जाऊन बसायची. मी पूर्वी असते तर म्हटलं असतं की टॉवेल घड्या करायला चार वर्षं शिकलीस का. पण त्या उन्हाळ्यात मी तोंड बंद ठेवायला शिकत होते.

मीही एक गोष्ट केली. माझ्या एका पेशंटला, सत्तरीचे गृहस्थ, पक्षाघातानंतर फिजिकल थेरपी चालू होती. त्यांची आणि थेरपिस्टची परवानगी घेऊन मी एका सकाळी तिथे जाऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं. मशीन नाही, शेक नाही. थेरपिस्टने पहिल्यांदा विचारलं, "घरी काय करता येत नाहीये?" ते म्हणाले, चार महिने झाले, मी माझ्या स्वतःच्या बेडरूममध्ये झोपलेलो नाही, ती वरच्या मजल्यावर आहे. या गृहस्थांना मी नऊ वर्षं ओळखते. त्यांचा रक्तदाब, साखर, किडनीचे आकडे मला पाठ आहेत. हे मला माहीत नव्हतं.

मग उठून उभं राहायचा सराव. ते उठता उठता मागे पडत होते. थेरपिस्टने टेबलाची उंची थोडी वाढवली, पाय मागे घ्यायला सांगितले, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायला सांगितलं. उठले. मग टेबल एका बोटाने खाली. पुन्हा. मग अजून खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, त्यावरून पुढचं ठरवायचं. मी औषधाचा डोस ठरवताना जे करते तेच हे, फक्त प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, डोळ्यांसमोर, मिनिटामिनिटाला. परत येताना गाडीत मला माझी ती "इव्हॅल्युएट अँड ट्रीट"ची ओळ आठवत राहिली.

दुसऱ्या वर्षीच्या तयारीत मी टेबलाशी नव्हते. तिने काय केलं ते सांगते, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

बेचाळीस उत्तरं तिने रिसायकलच्या डब्यात टाकली. एक वही केली आणि तिच्यात वर्षभरात स्वतः पाहिलेले सहा प्रसंग लिहिले. प्रत्येक प्रसंगात काय झालं, मी काय केलं, मला काय वाटलं, आज असतं तर काय वेगळं केलं असतं. बस. प्रश्न कितीही असले तरी मुलाखतीत फिरून फिरून विचारतात ते थोडंच असतं : चुकलात तेव्हा काय केलंत, कोणाशी पटलं नाही तेव्हा काय केलंत, अवघड माणूस कसा हाताळलात, दडपण आलं तर काय करता. सहा खरे प्रसंग नीट आठवत असले तर यातल्या कशालाही पुरतात. आणि पाठ केलेलं उत्तर एक शब्द विसरला की कोसळतं. घडलेला प्रसंग कोसळत नाही.

त्यातला एक प्रसंग तिने मला वाचून दाखवला. क्लिनिकमध्ये एक आजी यायच्या, चालायला तयार नसायच्या. ही उत्साहाने टाळ्या वाजवून "यू कॅन डू इट" करत राहिली. आजी रडायला लागल्या. थेरपिस्टने हिला बाजूला केलं, खुर्ची ओढून आजींसमोर बसली आणि गप्प राहिली. बऱ्याच वेळाने कळलं की आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि कोणी येईपर्यंत कितीतरी वेळ तशाच फरशीवर पडून होत्या. त्यांना आळस नव्हता, भीती होती. त्या दिवशी चालणं झालंच नाही. जमिनीवरून उठायचं कसं, एवढंच शिकवलं. लेकीने लिहिलं होतं : "माझा उत्साह माझ्यासाठी होता, त्यांच्यासाठी नव्हता." पूर्वीची मी असते तर हे वाक्य खोडलं असतं. स्वतःची चूक कोणी मुलाखतीत सांगतं का? पण ती सांगायचीच असते. फक्त "मी फार परफेक्शनिस्ट आहे" अशी लाडिक चूक नको. ती ऐकून समोरच्यांचे कान किटलेले असतात.

पेशंटच्या गोष्टी सांगताना एक काळजी घ्या. नाव, गाव, नेमकं वय, ओळख पटेल असा व्यवसाय, काही सांगायचं नाही. १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं इथे बंधनकारक आहे, आणि ऑब्झर्वेशनला बसणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही तीच अपेक्षा असते. एखादा मुलगा भारावून जाऊन पेशंटचं नाव घेऊन गोष्ट सांगतो आणि तिथेच घसरतो. वर मी लिहिलेल्या दोन्ही प्रसंगांतले तपशीलही मी थोडे बदललेले आहेत.

एमएमआयबद्दल. एकामागून एक छोट्या मुलाखती, हे त्याचं स्वरूप. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, दोनेक मिनिटं वाचायला, मग आत जाऊन सहा-आठ मिनिटं बोलायचं. घंटा झाली की पुढचं दार. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने मेडिकलच्या प्रवेशासाठी ही पद्धत काढली आणि तिथून ती इतर आरोग्यशाखांत पसरली. कल्पना साधी आहे : एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर मुलाचं भवितव्य ठरू नये, आणि एका दारामागे फजिती झाली तरी पुढच्या दारामागे नवी पाटी मिळावी. हा दुसरा मुद्दा मुलांना आवर्जून सांगा. माझी लेक पहिल्या वर्षी तिसऱ्या खोलीत अडखळली आणि उरलेल्या सगळ्या खोल्यांत तेच घेऊन फिरली.

ती अडखळली तो प्रसंग साधारण असा होता : तुम्ही क्लिनिकमध्ये विद्यार्थी आहात. थेरपिस्टने पेशंटला दहा मिनिटं पाहिलं, पण नोंदीत जास्त वेळ लिहिला असं तुम्हाला दिसलं. काय कराल? मी शिकवलं होतं की नीतीचा प्रश्न आला की ठामपणे सांगायचं, लगेच वरिष्ठांकडे तक्रार करेन. तिने तसंच ठोकून दिलं. परीक्षकांनी विचारलं, "तुला सगळं दिसलं याची खात्री आहे?" आणि ही गडबडली. अशा प्रश्नांत एकच बरोबर उत्तर नसतं. त्यांना पायऱ्या ऐकायच्या असतात : मला काय माहीत आहे, काय नाही, कोणाचं नुकसान होतंय, आधी त्याच व्यक्तीशी आदराने बोलता येईल का, त्याने भागलं नाही तर पुढे कोणाकडे जायचं, आणि पेशंटला धोका असेल तर वाट न बघता काय करायचं. वेळेच्या नोंदीला इथे महत्त्व आहे, कारण मेडिकेअरमध्ये थेरपीचे बरेचसे पैसे पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मोजले जातात. म्हणजे हा प्रश्न हवेतला नाही.

काही कॉलेजं गटात बसवून एखादं काम देतात. इथे आपल्या मुलांची दोन टोकं दिसतात. एक तर सगळं आपणच बोलायचं, नाहीतर मोठ्यांमध्ये बोलू नये म्हणून गप्प बसायचं. जो गप्प आहे त्याला "तुला काय वाटतं?" असं विचारणारा मुलगा परीक्षकांच्या नजरेत भरतो. पुढे आयुष्यभर त्याला डॉक्टर, नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर यांच्याबरोबर काम करायचं असतं. काही ठिकाणी कॅमेऱ्यासमोर एकट्याने उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. त्याला एकच उपाय, फोनवर आठ-दहा वेळा स्वतःला रेकॉर्ड करून बघणं. बघवत नाही, पण उपयोग होतो. कपड्यांबद्दल फार विचार करू नका. नीटनेटके असले की झालं.

पेशाची माहिती मात्र हवी. फिजिकल थेरपिस्ट आणि फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट यांत फरक काय, असं विचारतात. असिस्टंट दोन वर्षांच्या पदवीने होता येतं, पण रुग्णाचं मूल्यमापन आणि उपचाराची आखणी थेरपिस्टच करतो. ऑक्युपेशनल थेरपी का नाही, हेही विचारतात. डायरेक्ट अॅक्सेस म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेरपिस्टकडे जाता येणं. पन्नासही राज्यांत ते कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे, पण मर्यादा राज्याराज्यांत वेगळ्या. वेदनाशामकांच्या व्यसनाचा प्रश्न या देशात किती भीषण झाला हे तुम्ही जाणताच. २०१६ साली सीडीसीने डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना दिल्या त्यात जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइडच्या आधी औषधाविना होणारे उपचार आणि ओपिऑइड नसलेली औषधं यांना पसंती द्यावी असं सांगितलं, आणि व्यायामोपचार त्यात येतो. या पेशाची मुळं माहीत असली तर अधिकच बरं. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पुन्हा उभं करणाऱ्या "रिकन्स्ट्रक्शन एड" म्हणवणाऱ्या स्त्रिया, त्यांतल्या मेरी मॅकमिलन, १९२१ साली स्थापन झालेली संघटना, आणि मग पोलिओच्या साथी. हे घोकायचं नाही. पण ज्या घरात आपण सून म्हणून जाणार त्या घराचं आडनाव तरी माहीत हवं, तसं आहे.

शेवटी ते विचारतात, "तुला काही विचारायचंय?" यावर "नाही" म्हणू नये. पण परीक्षेत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण, पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण हे आकडे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आपल्या संकेतस्थळावर द्यावेच लागतात. ते आधी वाचून जा. विचारायचं ते असं : क्लिनिकल ट्रेनिंगला कुठे कुठे पाठवता, दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर राहण्याचा खर्च कोणाचा, एखादा विषय राहिला तर पुढे काय होतं. आणि पालकांनी घरी बसून एक गोष्ट तपासावी. कॉलेजला केप्टी या संस्थेची पूर्ण मान्यता आहे, की अजून उमेदवारीचा दर्जा आहे. नव्या कॉलेजांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. खाजगी कॉलेजांत तीन वर्षांचा खर्च सहज लाख डॉलरच्या पुढे जातो, आणि थेरपिस्टचा पगार डॉक्टरसारखा नसतो. कर्ज किती झेपेल याचा हिशेब मुलाखतीच्या आधी मांडा, प्रवेशपत्र हातात आल्यावर डोळे दिपलेले असतात.

भारतातून बीपीटीएच केलेल्या मुलांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला तीन वर्षांचा डीपीटी पहिल्यापासून करावाच लागेल असं नाही. एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून तुमच्या शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्यायचं, काही विषय कमी भरले तर ते पूर्ण करायचे, इंग्रजीच्या अटी पाळायच्या, आणि मग एनपीटीई द्यायची, हा रस्ता आहे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, म्हणून आधी राज्य ठरवा. ज्यांना इथेच शिकायचं आहे आणि मुलाखत व्हिडिओवर आहे त्यांनी घड्याळ सांभाळा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तेच नऊ आपले साडेसात होतात. मुलाखतींचा हंगाम नेमका याच सुमारास असतो. आणखी एक, आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की स्वतःची टिमकी वाजवू नये. वॉर्डात तुम्ही एकट्याने केलेल्या गोष्टीलाही तुम्ही "आम्ही केलं" म्हणता. इथे "मी केलं" म्हणा. तो गर्व धरत नाहीत.

दुसऱ्या वर्षी लेकीला तीन ठिकाणी बोलावलं. त्यातल्या एका ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा आला, डॉक्टर का नाही. तिने काय सांगितलं ते मला नंतर, मी विचारल्यावर, जरा आढेवेढे घेऊन सांगितलं. म्हणाली, "मी सांगितलं की माझी आई चांगली डॉक्टर आहे आणि तिच्या पेशंटना ती आवडते. पण ती त्यांना पंधरा-वीस मिनिटं भेटते आणि काय करायचं ते सांगते. ते करताना त्यांना काय होतं हे बघायला ती तिथे नसते. मला तिथे असायचंय." परीक्षकांनी विचारलं, हे आईला माहीत आहे का? ही म्हणाली, "आता सांगेन."

मार्चमध्ये प्रवेश मिळाला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, शरीररचनेच्या परीक्षांतून सुटून क्लिनिकमध्ये जायला लागली आहे. गेल्या आठवड्यात फोनवर तिने मला झापलं. तिच्याकडे आलेल्या एका पेशंटच्या ऑर्डरवर कुठल्याशा डॉक्टरने नुसतं "इव्हॅल्युएट अँड ट्रीट" लिहिलं होतं. "आई, तू असं लिहू नकोस हां. निदान घरात जिना आहे का, किती पायऱ्या आहेत, एवढं तरी विचारून लिही."

सोमवारपासून विचारते आहे. आज सकाळच्या पहिल्या बाईंना चौदा पायऱ्या आहेत, आणि कठडा फक्त डाव्या बाजूला.